आर म्हणजे कोणता आर?

विमान अपघाताची बातमी आली की एक मजकूर हमखास फिरू लागतो: 'आता विमान कंप्युटरच उडवतो आणि उतरवतो. पायलट नुसते बसून असतात. वाट चुकली म्हणजे पायलट नवशिका होता, नाहीतर काहीतरी दडवलं जातंय.' लिहिणाऱ्याचा आत्मविश्वास दांडगा आहे, पण यातलं एकही वाक्य धड टिकत नाही.

'कंप्युटरच उतरवतो.' दाट धुक्यात उतरवतो, तेही धावपट्टीवर आणि विमानात तशी यंत्रणा असेल तर. एरवी शेवटच्या टप्प्यात ऑटोपायलट बंद करून पायलटच विमान हाताने टेकवतात.

'पायलट नुसते बसून असतात.' २० डिसेंबर १९९५ची रात्र घ्या. अमेरिकन एअरलाइन्सचं बोइंग ७५७ कोलंबियातल्या काली शहराकडे उतरत होतं. उशीर झाला होता, म्हणून कंट्रोलरने समोरच्या धावपट्टीवर सरळ येण्याची सोय सुचवली आणि पायलटांनी ती घेतली. वळसा वाचला, पण उंची झपाट्याने कमी करायला हवी होती आणि नवा मार्ग कंप्युटरमध्ये भरायचाही होता. त्या मार्गावर रोझो नावाचं रेडिओ बिकन, म्हणजे विमानांना दिशा कळावी म्हणून संदेश सोडणारं जमिनीवरचं केंद्र होतं. छापील नकाशात त्याची खूण नुसतं 'आर' अशी, म्हणून 'आर' टाइप केलं गेलं. कंप्युटरच्या यादीत मात्र 'आर' म्हणजे दोनशेहून अधिक किलोमीटर दूर, बोगोटाजवळचं रोमिओ. रोझो हवं तर पूर्ण नाव टाइप करावं लागायचं. दुसऱ्या पायलटकडून खात्री न करता बटण दाबलं गेलं. ऑटोपायलटने निमूटपणे विमान डावीकडे वळवलं, अंधारात, डोंगरांच्या दिशेने, आणि उतरणं चालूच होतं. आपण नेमके कुठे आहोत हे दोघांना कळेना. म्हणजे हातात कामं नव्हती असं नाही, एकाच वेळी फार होती. कंप्युटर त्या रात्री बिघडला नव्हता. सांगितलं तिथेच तो निघाला होता.

'पायलट नवशिका होता.' त्या कॅप्टनच्या गाठीशी सुमारे १३ हजार तासांचं उड्डाण होतं! उलट अनुभवी माणसाचा हात सवयीने चालतो, आणि घाईत सवयच दगा देते, असं मला वाटतं. जमीन जवळ आल्याचा इशारा वाजला तेव्हा जेमतेम १२-१३ सेकंद उरले होते. पायलटांनी पूर्ण जोर लावून नाक वर उचललं, पण उतरताना उघडलेले स्पीडब्रेक, म्हणजे वेग आणि उंची कमी करणाऱ्या पंखांवरच्या फळ्या, उघडेच राहिले. विमानातल्या १६३ जणांपैकी ४ वाचले. तेव्हाची इशारा यंत्रणा खालच्या जमिनीचं अंतर मोजायची, पुढचा डोंगर तिला दिसायचा नाही. नकाशा पोटात असलेली नवी यंत्रणा त्यानंतरच्या वर्षांत आली.

राहिलं 'दडवलं जातंय'. वर सांगितलेलं सगळं तपास अहवालातच उघड छापलेलं आहे. मात्र शंकेखोरांना एक गोष्ट मी स्वतःच देतो. ७ जुलै २०१७च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोत एअर कॅनडाचं विमान धावपट्टी समजून शेजारच्या टॅक्सीवेवर, म्हणजे विमानं धावपट्टीपर्यंत चालत जातात त्या रस्त्यावर, उतरू लागलं, आणि तिथे चार विमानं उड्डाणाच्या रांगेत उभी होती. बाजूची दुसरी धावपट्टी बंद, तिचे दिवे मालवलेले. त्यामुळे खरी धावपट्टीच डावीकडची वाटली आणि तिच्या उजवीकडचा टॅक्सीवे म्हणजे आपली धावपट्टी, असा समज झाला. हा समज चुकीचा ठरवू शकणारी आयएलएसची, म्हणजे धावपट्टीची नेमकी रेषा दाखवणाऱ्या रेडिओ यंत्रणेची फ्रिक्वेन्सी लावायची राहून गेली होती. या घटनेतलं कॉकपिटमधलं संभाषण तपासकांना खरोखरच मिळालं नाही. कारण साधं होतं: विमान पुढच्या उड्डाणाला गेलं आणि जुन्या रेकॉर्डिंगवर नवं चढलं. कंट्रोल टॉवरच्या रेडिओवरचं बोलणं मात्र शाबूत होतं. विमान जमिनीपासून सुमारे ६० फुटांवर येऊन पुन्हा वर गेलं, त्याच्या आधीच खाली रांगेतल्या एका पायलटने विचारलं होतं, हा चाललाय कुठे?