मुराकामींबद्दलची निराशा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इतकं मन लावून लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: इंग्रजीत लिहिणारे कादंबरीकार काझुओ इशिगुरो आवडते आणि जपानी कादंबरीकार हारुकी मुराकामी निराश करणारे, ही माझ्या लेखातली विभागणी पक्षपाती आहे, कारण पुनरावृत्ती दोघेही करतात. अनुवाद वाचून जपानी लेखकाचं मोजमाप करू नये. आणि पुस्तक आवडलं नाही तर गप्प राहावं.

पुनरावृत्तीचा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. स्वतःला पुरतं न ओळखणारा निवेदक इशिगुरो पुन्हा पुन्हा आणतात, हे खरंच. पण ‘द रिमेन्स ऑफ द डे’मधला (1989) बटलर स्टीव्हन्स सत्य दिसत असूनही ते टाळतो. ‘क्लारा अँड द सन’मधली (2021) क्लारा काहीच टाळत नाही, ती यंत्र आहे, तिला जग दिसतंच तेवढं. ‘द बरीड जायंट’मध्ये (2015) तर विस्मृती अख्ख्या मुलखावर पसरली आहे. ड्रॅगिणीच्या श्वासाच्या धुक्यामुळे ब्रिटन आणि सॅक्सन हे दोन समाज जुनी कत्तल विसरून शेजारी नांदतात. धुकं विरलं तर म्हाताऱ्या जोडप्याला आपलं सहजीवन आठवेल, पण त्याचबरोबर सूडही जागा होईल. मग आठवावं की नाही? हा प्रश्न स्टीव्हन्सच्या गोष्टीत नव्हता.

आता मुराकामी. (‘किलिंग कॉमेंडेटोर’ वाचायची असेल त्यांनी हा परिच्छेद सोडावा, शेवट सांगावा लागतोय.) ‘द विंड-अप बर्ड क्रॉनिकल’मध्ये बायको निघून गेलेला तोरू ओकादा शेजारच्या ओसाड घराच्या कोरड्या विहिरीत उतरून बसतो. त्याआधी लेफ्टनंट मामियाला मंगोलियातल्या विहिरीत टाकल्याची हकीकत आपण ऐकलेली असते. त्यामुळे एका माणसाचं एकटेपण आणि जपानने मांचुरियात केलेलं युद्ध एकाच अंधारात येऊन मिळतात. ती विहीर मला आजही अस्वस्थ करते. ‘किलिंग कॉमेंडेटोर’मध्ये (2017) पुन्हा बायको दुरावलेला पुरुष, पुन्हा जमिनीतला खड्डा, पुन्हा एक शाळकरी मुलगी, पुन्हा युद्धाची सावली: नाझींच्या ताब्यातलं 1938 चं व्हिएन्ना, जपानी सैन्याने कत्तल केलेलं चीनमधलं नानजिंग. मुलगी बेपत्ता होते. तिच्यासाठी नायक चित्रातून उतरलेल्या कॉमेंडेटोरला ठार मारतो, पाताळासारख्या प्रदेशातून चालत जातो. शेवटी कळतं, की ती शेजाऱ्याच्या बंगल्यात लपून बसली होती. त्याचा प्रवास आणि तिची सुटका यांच्यातला दुवा आपण निव्वळ विश्वासावर मानायचा. विहिरीत उतरण्यावाचून ओकादाला गत्यंतर नव्हतं. इथे खड्डा आहे म्हणून नायक त्यात जातो. माझी निराशा आहे ती एवढ्याबद्दल, आणि ‘विंड-अप बर्ड’वर जीव जडलेला असल्यामुळेच ती इतकी आहे.

इशिगुरोंचं मला सगळंच आवडतं असंही नाही. ‘द अनकन्सोल्ड’ने (1995) मला दमवलं. पण बुकर मिळवून देणारी वाट सोडून लेखक अशा अनोळखी, स्वप्नासारख्या शहरात शिरतो, तेव्हा ते पुस्तक फसलं असं मी म्हणेन, त्याने निराश केलं असं म्हणणार नाही.

अनुवादाबद्दल तुम्ही म्हणता ते बऱ्याच अंशी मान्य. अनुवादक जे रुबिन यांच्या इंग्रजी ‘विंड-अप बर्ड’मधून मूळ मजकुराचा मोठा भाग गाळला आहे, हेही खरं. म्हणूनच मुराकामींच्या वाक्यांबद्दल, लयीबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही. पण विहिरीत कोण उतरतो, का उतरतो आणि काय घेऊन वर येतो, एवढं अनुवादातूनही पोहोचतं.

गप्प राहण्याचा सल्ला मात्र मला अजिबात पटत नाही. वाचकांनी तोंड मिटलं, तर नव्या वाचकापुढे उरतो तो मलपृष्ठावरचा मजकूर आणि पुरस्कारांच्या याद्या. अरुंधती रॉय यांच्या 1997 च्या कादंबरीनंतर दुसरीसाठी ज्यांनी 2017 पर्यंत वाट पाहिली, त्यांना ती रुचली की नाही हे सांगायचा पुरता हक्क आहे.

पुनरावृत्तीसाठी तुम्ही दिलेलं मुराकामींच्या ‘द सिटी अँड इट्स अनसर्टन वॉल्स’ (2023) या कादंबरीचं उदाहरण मात्र माझ्या बाजूचं आहे. मुराकामींनी 1980 मध्ये ही गोष्ट मासिकात लिहिली, असमाधानी राहून पुस्तकात येऊ दिली नाही, 1985 च्या कादंबरीत वेगळ्या रूपात वापरली आणि सत्तरी ओलांडल्यावर पुन्हा हाती घेतली. सलणारं काम पुरं करायला परतलेला लेखक मला तिथे दिसला, विशेषतः ग्रंथालयाचे प्रमुख कोयासू येतात त्या भागात. कोयासू कोण आहेत हे उघड झाल्यावरही मी ते प्रसंग पुन्हा वाचले. तुमच्या प्रतिक्रियेत त्यांचा उल्लेख नाही. तुम्हाला ते कसे वाटले, जरूर लिहा.