तीन इंटरसेप्शन, तरी तोच क्यूबी

"एका मॅचने काय होतं" असं ज्याला म्हणायचंय त्याने आज माझ्या वाटेला जाऊ नये. काल आपल्या कॉलेजची अमेरिकन फुटबॉलची मॅच तीन पॉइंटांनी हरलो आपण. तीन! आणि आपल्या क्यूबीने, म्हणजे पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकने, तिसरं इंटरसेप्शन (पास थेट समोरच्यांच्या हातात) कुठे दिलं? त्यांच्या सहा यार्डांवर, सेकंड अँड गोल (दुसरा प्रयत्न, गोल लाइन समोरच). बॉल स्टँडमध्ये भिरकावून दिला असता आणि मग निमूट तीन पॉइंटांचा फील्ड गोल मारला असता, तरी ओव्हरटाइम होता. पण नाही. मागच्या पायावर रेलून, दोन डिफेंडरांच्या मधोमध. पहिलंही असंच होतं, समोर सेफ्टी (मागचा डिफेंडर) उभा दिसत असताना. दुसरं तर स्क्रीन पास, म्हणजे जवळचा सोपा पास, त्यांच्या डिफेन्सिव्ह एंडच्या हातात अलगद ठेवलेला.

पोरावर माझा राग नाही. एकवीस वर्षांचं पोर, तिसरं कॉलेज, प्लेबुक हातात पडून जेमतेम काही महिने झालेले. एखाद्याचा दिवस वाईट जातो. राग आहे तो हेडसेट लावून हाताची घडी घालून उभ्या राहिलेल्या हेड कोचवर. दुसऱ्या इंटरसेप्शननंतर बॅकअप क्यूबी उठला. हेल्मेट चढवलं, हनुवटीचा पट्टा लावला, साइडलाइनला चार बॉल टाकले. अख्खा स्टुडंट सेक्शन उभा राहिला. तेवढ्यात कोऑर्डिनेटर (हेड कोचचा सहाय्यक) त्याच्याजवळ गेला, खांद्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटला, आणि पोराने पट्टा सोडला. हेल्मेट बेंचखाली ठेवलं आणि टोपी घातली. ते बघून माझं टाळकंच सरकलं. इतक्या लोकांसमोर त्याला उठवलंत कशाला, परत बसवायला?

आणि बॉल घेऊन धावणारा आपला रनिंग बॅक? पहिल्याच सिरीजमध्ये बॉल सुटला, तोही आपल्याच गार्डने पडून वाचवला. नुकसान शून्य. तरी तो जो बाहेर बसला तो बसलाच. चार वर्षं इथेच राबलेला मुलगा, कधी पोर्टलचं (कॉलेज बदलायच्या नोंदणीचं) नाव काढलं नाही, सोफोमोर म्हणजे दुसऱ्या वर्षाला असताना पंट कव्हरेजवर, किक मारलेल्या बॉलमागे, धावून धावून जीव काढला. त्याला एका फंबलची शिक्षा संपूर्ण मॅच, आणि क्यूबीला तीन इंटरसेप्शननंतर पाठीवर थाप. हा कुठला न्याय?

कारण उघड आहे. रनिंग बॅक आधीच्या कोचने आणलेला. क्यूबी ह्या कोचने स्वतः पोर्टलमधून आणला, डोनरांना गळ घालून पैसे उभे केले, उन्हाळाभर मुलाखती दिल्या. त्याला बसवायचं म्हणजे आपली निवड चुकली हे कबूल करणं. ते होत नाही. मग प्रेस कॉन्फरन्समध्ये ठरलेलं वाक्य: जिंकायची सगळ्यात चांगली संधी हाच देतो. आणि पुढे, टेप बघून सांगतो. अहो, टेप काय बघायची! आम्ही सगळ्यांनी उघड्या डोळ्यांनी बघितलं ना!

क्यूबीला मधेच बदललं की लॉकर रूम बिघडते, हे कोणी मला शिकवू नये. ८ जानेवारी २०१८, अटलांटा, कॉलेज फुटबॉलची नॅशनल चॅम्पियनशिप. हाफटाइमला अलाबामा जॉर्जियाविरुद्ध १३-० ने मागे, त्यांचा क्यूबी जेलन हर्ट्स ८ पैकी ३ पास, २१ यार्ड. आणि हा हर्ट्स कोण? फ्रेशमन म्हणजे पहिल्या वर्षाला असतानाच एसईसी ह्या त्यांच्या लीगचा ऑफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर झालेला. कोच निक सेबनने त्याला बसवलं आणि बॅकअप टुआ टागोवायलोआला आणलं, तोही फ्रेशमन. टुआनेही इंटरसेप्शन दिलं, ओव्हरटाइमला १६ यार्डांचा सॅक खाल्ला (बॉल हातात असतानाच पाडलं त्याला). पुढच्याच पासवर ४१ यार्डांचा टचडाउन, २६-२३. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एसईसीच्या फायनलला टुआ जखमी झाला तेव्हा बेंचवरून उठून मॅच कोणी जिंकून दिली? हर्ट्सनेच. बिघडली लॉकर रूम?

क्लेमसनचा कोच डाबो स्विनीने २०१८ ला चार मॅचेसनंतर केली ब्रायंट ह्या क्यूबीला बसवलं. आदल्या वर्षी त्यानेच क्लेमसनला प्लेऑफला नेलं होतं. ब्रायंट सोडून गेला, पुढच्याच मॅचला त्याच्या जागी आलेला ट्रेव्हर लॉरेन्स जखमी झाला, आणि बॅकअप चेस ब्राइसने सिरॅक्यूजविरुद्ध २७-२३ अशी कशीबशी मॅच काढली. तरी डाबो मागे हटला नाही. सीझनअखेर १५-०, एकही हार नाही. २०२१ ला टेक्ससविरुद्ध ओक्लाहोमा २८-७ ने मागे होती. हाइझमनसाठी (सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार) ज्याचं नाव आधीपासून गाजत होतं त्या क्यूबी रॅटलरला कोच रायलीने बसवलं, केलेब विल्यम्स आला, ५५-४८ ने जिंकले. निर्णय मैदानावर घ्यायचा असतो, सोमवारी टेप बघून नाही.

आमच्याकडे मात्र फोर्थ अँड वनला (शेवटचा प्रयत्न, एकच यार्ड हवा) त्यांच्या ३८ यार्डांवरून पंट, किक मारून बॉल देऊन टाकला! गेल्या सीझनला केलं, काल परत केलं. हाफच्या शेवटच्या मिनिटात खिशात टाइमआउट ठेवून गुडघा टेकून वेळ संपवायचा. लीड मिळाली की प्रिव्हेंट डिफेन्स (सगळे मागे सरकून) लावून ती समोरच्यांना परत करायची. वर वेव्ह करणारे ते लोक! थर्ड अँड लाँगला (तिसरा प्रयत्न, लांबचं अंतर) आपली ऑफेन्स मैदानावर असताना वेव्ह कसली करता? गप्प बसा, क्यूबीच्या हाका ऐकू येऊ देत.

कॉलेजच्या पोराला एका चुकीत बेंच दाखवता, मग कोचला कोण बसवणार? कोचला बेंच नसतो, बायआउट (करार मोडायची भरपाई) असतो. टेक्सस ए अँड एमने २०२३ ला कोच जिंबो फिशरला काढताना साडेसात कोटी डॉलरच्या वर मोजायचं कबूल केलं. हरण्यासाठी इतके पैसे जगात आणखी कुठे मिळतात? आणि डिसेंबरात आमचा बॅकअप पोर्टलमध्ये गेला की हीच मंडळी निष्ठेवर प्रवचन देतील.

अॅलम्नाय असोसिएशनचा फोन येईलच. मी लायब्ररीला देईन, इंजिनिअरिंगच्या स्कॉलरशिपला देईन. जोवर हा माणूस स्वतःची निवड वाचवायला मॅचेस घालवतोय तोवर अॅथलेटिक्सला एक डॉलरही नाही. पुढच्या शनिवारी पहिल्या सिरीजपासून बॅकअप हवा, आणि पहिला हँडऑफ त्या रनिंग बॅकला.