‘एका बीबीचे दोनदा पैसे’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

सायकल ठरल्या दिवशी मिळाली नाही आणि तुमची रविवारची राइड हुकली, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. पण ‘साधा बीबी बसवायला आठवडा लावला आणि एका बीबीचे दोनदा पैसे उकळले’ हे वाचून रात्री झोप लागली नाही. (बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट: पॅडलच्या दांड्यांचा, म्हणजे क्रँकचा, एक्सल ज्यावर फिरतो तो बेअरिंगचा भाग.) पुण्यातलं हे दुकान वडिलांनी कॉटर पिनच्या सायकलींच्या जमान्यात सुरू केलं. ‘उकळले’ असं आमच्याबद्दल आजवर कोणी लिहिलं नव्हतं.

तुमचा मेसेज अजून फोनमध्ये आहे: ‘68 एमएम, शिमानो क्रँक, बीबी मागवून ठेवा.’ बीबी फ्रेमच्या ज्या नळीत बसतो, तिच्या आतला फोटो मी मागितला. उत्तर आलं, ‘वेळ नाही, 68 म्हणजे 68.’ सर, 68 ही फक्त नळीची रुंदी झाली. नळीचे प्रकार वेगवेगळे: बीएसएची रोड फ्रेम 68, बीबी30 ची 68, पीएफ30 चीही 68. मेडिकलमध्ये औषधाचं नाव न सांगता नुसतं ‘500 एमजी द्या’ म्हणावं तसं झालं हे. बीएसएच्या नळीत आटे असतात, व्यास 1.37 इंच, इंचाला 24 आटे, आणि चेनच्या बाजूचे उलटे. कॅननडेलनं 2000 साली आणलेल्या बीबी30 मध्ये आणि नंतरच्या पीएफ30 मध्ये आटेच नसतात. गुळगुळीत भोक असतं, एकाला 42 मिलिमीटर, दुसऱ्याला 46, आणि त्यात बीबी दाबून बसवायचा. दोन्ही मुळात 30 मिलिमीटरच्या एक्सलसाठी केलेले. तुमच्या क्रँकचा एक्सल 24 चा.

सेकंडहँड घेतलेली कार्बन फ्रेम तुम्ही दुकानात आणलीत तेव्हा तुमच्यासमोरच मी मागवून ठेवलेल्या बीएसए बीबीचा कप, म्हणजे बेअरिंगची वाटी, नळीत धरला. तो आत लटपटत होता. कॅलिपर लावला तर 46. म्हणजे पीएफ30. त्यात 24 चा एक्सल बसवायला वेगळा बीबी लागतो, दोन्ही कप आत एकमेकांत आट्यांनी घट्ट होणारा. तो कोणी दुकानात सहसा ठेवत नाही. मुंबईहून मागवला, त्यात दिवस गेले.

आता पैशांचं. पहिल्या बीबीचं पाकीट फोडलेलं होतं, तरी तो आम्ही परत ठेवून घेतला आणि त्याचा एक रुपयाही लावला नाही. बिलावर बीबी एकच आहे. खालची ओळ मजुरीची आहे. नळी पुसून कोरडी केली, भोक गोल आहे का ते आडवं-उभं मोजलं, प्रेस लावून कप सरळ आत घेतले, क्रँक बसवून बाजूचे बोल्ट टॉर्क रेंचनं आवळले. ‘कोपऱ्यावरचा मेकॅनिक हातोडीनं पाच मिनिटांत बसवून देत होता’ असंही तुम्ही लिहिलंय. कार्बनच्या नळीवर हातोडी मारली की कप तिरका जातो, बेअरिंग लवकर बाद होतं, पॅडल मारताना कटकट वाजत राहतं, आणि नळीला तडा गेला तर फ्रेमच गेली. ते काम मी कुणाच्याही सायकलवर करणार नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

यापुढे ऑर्डर घेण्याआधी नळीचा फोटो घेण्याचा आणि बिलात मजुरी अधिक स्पष्ट लिहिण्याचा आमचा प्रयत्न राहील. काउंटरवरचा मुलगा तुमच्याशी तुटक बोलला असेल तर त्यालाही समज देतो.

दोन-चार राइडनंतर सायकल एकदा घेऊन या, बोल्ट तपासून देतो, त्याचे पैसे नाहीत. आवाज येत असेल तर तेही बघू. स्टार किती द्यायचे ते तुम्ही ठरवा. फक्त बिल पुन्हा एकदा नजरेखालून घाला आणि ‘दोनदा पैसे’ हे वाक्य तेवढं काढा, ही हात जोडून विनंती. नवीन माणसं ते वाचून दुकानाची पायरीही चढत नाहीत.