वही दाराशीच राहू द्या

आमच्या फोंड्यातल्या मासिक खुल्या काव्यवाचनात यापुढे कविता आधी मागवून घ्याव्यात आणि निवडलेल्यांनाच वाचू द्यावे, अशी सूचना काही मित्रांनी केली आहे. त्यांची तळमळ मी जाणतो. तरीही या सूचनेला माझा मनापासून विरोध आहे.

निमंत्रितांची कविसंमेलने गोव्यात होतात आणि ती व्हायलाच हवीत. आमच्याकडे मात्र दाराशी एक वही असते. जो आधी येतो तो आधी नाव लिहितो आणि त्याच क्रमाने प्रत्येकाला पाच मिनिटे मिळतात. त्यामुळे तीन संग्रह नावावर असलेले गृहस्थ कधी अकराव्या क्रमांकाची वाट पाहत बसतात आणि पहिल्यांदाच वाचणारी एखादी गृहिणी बैठकीची सुरुवात करते. वाड्यावरच्या चवथीच्या भजनात ज्याला अभंग येतो तो उचलतो आणि बाकीचे त्याच्यामागून म्हणतात, तशीच ही रीत आहे.

सत्तरी तालुक्यातून येणारा एक तरुण पहिले वर्षभर पाऊस आणि प्रेयसी यांवर यमके जुळवत असे. श्रोते शांतपणे ऐकत, टाळ्याही वाजवत; पण ‘पुन्हा वाचा’ असे कोणी म्हणत नसे, आणि तेवढ्यावरून त्याला जे कळायचे ते कळत होते. गेल्या एप्रिलमध्ये त्याने काजूची बोंडे पिळून बिया वेगळ्या करणाऱ्या आपल्या आईच्या चिकट, डागाळलेल्या हातांवर कविता वाचली, तेव्हा मागच्या रांगेतून तिघे एकदम ‘पुन्हा’ म्हणाले. निवड समिती असती, तर तो पहिल्याच महिन्यात परत गेला असता.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. 1987 च्या राजभाषा कायद्याच्या आगेमागे मराठी-कोंकणीवरून गोव्यात किती कडवटपणा आला, हे माझ्या पिढीने पाहिले आहे. आमच्या वहीत भाषेचा रकाना नाही. कोंकणी कवितेमागून मराठी कविता येते आणि ऐकणारे तेच असतात. दोन्ही भाषांत लिहिणारे बा. भ. बोरकर याच तालुक्यातल्या बोरीचे. निवड सुरू झाली की कोणत्या भाषेचे किती कवी, हा हिशेबही सुरू होईल.

बैठक लांबते, ही तक्रार मात्र खरी आहे. त्यासाठी पाच मिनिटांची चार करावीत; आणि आपले वाचून झाल्यावर उठून न जाता शेवटच्या नावापर्यंत थांबण्याचे बंधन आम्हा ज्येष्ठांनी आधी स्वतःवर घालून घ्यावे.