सरकारचा सगळ्यात मोठा वकील व्हायचंय? घ्या, पाठ करा

मागच्या मंगळवारी आमच्या घरात सकाळी ९ पासून टीव्ही बंद, मिक्सर बंद, पोराला शेजारी पिटाळलेलं. कारण दिल्लीला सुप्रीम कोर्टात बाबांचं मॅटर होतं. वय ८१, केंद्राच्या एका खात्यातून रिटायर, पेन्शनच्या फरकाची केस. कॅटमध्ये (केंद्राच्या नोकरांच्या तक्रारींचं न्यायाधिकरण) जिंकले, हायकोर्टात जिंकले, मग सरकार एसएलपी, म्हणजे सुप्रीम कोर्टात अपिलाची परवानगी मागणारा अर्ज, घेऊन दिल्लीला गेलं. वकिलांनी लिंक पाठवली होती म्हणून बाबा इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर, मध्येच उठावं लागू नये म्हणून चहासुद्धा नको म्हणाले. आयटम नंबर ३७. एकदाचा नंबर आला आणि सरकारच्या बाजूने एक कोवळा पोरगा उठून म्हणाला, साहेब दुसऱ्या कोर्टात उभे आहेत, चार आठवडे मिळावेत. मिळाले. मोजून वीस सेकंद. बाबांचा माईक म्यूट होता तरी ते हात जोडून 'थँक्यू माय लॉर्ड' म्हणाले.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की पोरांनो, ते यूपीएससी वगैरे सोडा आणि या लायनीत या, थेट अॅटर्नी जनरल व्हा, म्हणजे केंद्र सरकारचा सगळ्यात मोठा वकील. कसं जमवायचं ते सांगतो.

पहिलं म्हणजे कायम दुसऱ्या कोर्टात उभं राहायचं. पहिल्या कोर्टात कोण उभं राहणार हा प्रश्न ज्युनियरचा.

उशिराची चिंता करू नका. एसएलपीला मुदत ९० दिवस, ती तुमच्या-आमच्यासारख्यांना. सरकारचं अपील आमच्या केसमध्ये ४१२ दिवस उशिरा आलं, कारण काय तर फाईल या टेबलावरून त्या टेबलावर जात होती. चारशे दिवसांत माणूस नर्मदा परिक्रमा करून येतो, फाईल मजला बदलत नाही.

लाखोटा. हे अस्त्र फार जपून वापरा, म्हणजे रोज वापरा. अडचणीचं काही विचारलं की कागद बंद पाकिटात घालून थेट न्यायमूर्तींच्या हातात द्यायचा, समोरच्या वकिलाला दाखवायचाच नाही. राफेल विमानखरेदीच्या केसच्या वेळी बघा. कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्यांचा, अहवाल संसदेच्या लोकलेखा समितीकडून तपासला 'जातो', असं म्हणे पाकिटात लिहिलेलं, कोर्टाने वाचलं 'तपासला गेला', आणि १४ डिसेंबर २०१८ च्या निकालात तसंच छापून आलं. दुसऱ्या दिवशी सरकारचा अर्ज, की अहो आमचा काळ चुकीचा वाचलात, दुरुस्त करा! आमच्या शाळेत काळ चुकला की बाई छडी द्यायच्या. बरं, समोरच्याला पाकीट दाखवलं असतं तर त्याने तिथेच सांगितलं असतं ना, की साहेब, असा तपासलेला अहवाल कुठेच नाहीये. मार्च २०२३ मध्ये वन रँक वन पेन्शनच्या केसमध्ये अॅटर्नी जनरल पाकीट पुढे करायला गेले तेव्हा सरन्यायाधीश चंद्रचूडांनी घेतलंच नाही, समोरच्यालाही द्या म्हणाले. तेही पेन्शनचंच मॅटर. म्हाताऱ्या फौजींच्या पेन्शनमध्ये एवढं काय गुपित असतं देव जाणे.

आधारचा डेटा सुरक्षित आहे का असं विचारलं तर भिंतीची उंची सांगा: १३ फूट, जाडी ५ फूट. हे खरंच सांगितलंय, २०१८ मध्ये.

कागद चोरीला गेले म्हणा, दोन दिवसांनी झेरॉक्स म्हणा. २०१९ मध्ये राफेलच्याच कागदांचं असं झालं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, 'इन्स्ट्रक्शन आहेत'. हे दोन शब्द तोंडात असले की वाक्य तुमचं राहत नाही, खात्याचं होतं. ३१ मार्च २०२०, लॉकडाऊन लागून आठवडा झालेला, सॉलिसिटर जनरलनी, म्हणजे सरकारच्या दोन नंबरच्या वकिलांनी, सुप्रीम कोर्टात सांगितलं की आज सकाळी ११ वाजता रस्त्यावर चालणारा एकही माणूस नाही. एकही नाही! अख्ख्या देशात! मी त्याच आठवड्यात आमच्या गॅलरीतून हायवेवर डोक्यावर गाठोडं, कडेवर पोर घेऊन चालणारी माणसं बघत होतो, आणि मी काही मोठा वकील नाही, माझ्याकडे फक्त गॅलरी आहे. पुढे ८ मे ला पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याहून चालत निघालेले, भुसावळला गाडी मिळेल म्हणून. रुळांवर पडलेल्या चपात्यांचा फोटो सगळ्यांनी पाहिलाय. आणि आठवड्याने कोर्टात सरकारचं म्हणणं काय, तर गाड्यांची सोय होतेय, लोक पाळी येईपर्यंत थांबत नाहीत, चालायला लागतात. अरे, मग ३१ मार्चला रस्ते रिकामे होते ना? ते वाक्य कुणी मागे घेतलं? कुणी विचारलं तरी का?

सेटलवाडांचा आदर्श मात्र चुकूनही ठेवू नका. मुंबईचा माणूस, देशाचे पहिले अॅटर्नी जनरल, १९५० ते १९६३. १९५८ मध्ये मुंदडा प्रकरणात (एलआयसीचा पैसा मुंदडा नावाच्या उद्योगपतीच्या कंपन्यांत घातल्याचा घोटाळा) चौकशीच्या छागला आयोगापुढे उभे राहिले आणि ज्या सरकारचे वकील त्याच सरकारच्या अर्थमंत्र्यावर जबाबदारी येते म्हणून सांगितलं. मंत्र्याचा राजीनामा गेला. सेटलवाड पुढे पाच वर्षं पदावर होते, म्हणजे तेव्हा असं चालायचं.

जाऊ दे, मला आता उपदेश जमत नाहीये. अहो साहेब, घटनेच्या ७६ व्या कलमात अॅटर्नी जनरलचं पद लिहिलंय ते काय मंत्र्याची बाजू सावरायला? अशील सरकार आहे, मान्य, पण फी कोण भरतं? माझ्या बापाच्या पगारातून पस्तीस वर्षं टॅक्स कापला गेला, त्याच पैशातून तुम्ही त्याच्याच विरोधात उभे राहता. बरं, उभे तरी राहा! त्याचा हक्क नाही असं वाटतं ना तुम्हाला, मग या आणि दहा मिनिटं तसं तोंडाने सांगा, हरलो तर हरलो. पण ८१ वर्षांच्या माणसाला चार आठवडे, मग परत चार आठवडे, माणूस जायची वाट बघताय का? थोडी तरी लाज बाळगा. पुढच्या तारखेला तो पोरगा पाठवू नका, तुम्ही स्वतः या.