पोटातलं पित्त कातडीवर येत नाही

‘अंगावर पित्त उठतं ते पोटातलं पित्त रक्तात उतरल्यामुळे. सेट्रिझिन ही ॲलर्जीची गोळी घेतली की ते आत दाबलं जातं आणि पुढे उलटतं. सोलं (आमसुलं) भिजवून अंगाला चोळा. बांगडा खाऊन पित्त उठलं तर मासे कायमचे सोडा.’ हा मेसेज गोव्यात म्हापशापासून काणकोणापर्यंत सगळ्या फॅमिली ग्रुपांवर फिरतोय.

पोटातलं आम्ल रक्तवाटे कातडीत जात नाही. गांधी उठतात त्या कातडीतल्याच मास्ट पेशींमुळे. या पेशी बारीक रक्तवाहिन्यांना आणि मज्जातंतूंना खेटून असतात, आणि त्यांच्या पोटात हिस्टामिन या रसायनाचे कण भरलेले असतात. ॲलर्जी असलेल्या माणसात या पेशींच्या अंगावर आयजीई नावाची प्रतिपिंडं चिकटलेली असतात. नको असलेला पदार्थ आला आणि त्याने शेजारच्या दोन आयजीई एकत्र बांधल्या, की पेशीत कॅल्शियम वाढतं आणि काही मिनिटांतच हिस्टामिन बाहेर पडतं. रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतलं पाणी झिरपून गांध फुगते, मज्जातंतू चाळवून खाज सुटते. प्रत्येक वेळी आयजीईच लागते असं नाही. काहींच्या मास्ट पेशी नुसत्या थंडीने किंवा घट्ट पट्ट्यानेही फुटतात.

मेसेजवाल्यांची गल्लत कुठून झाली असेल तेही कळतं. जठरात आम्ल सुटायला हिस्टामिनच सांगतं. पण ते तिथलं, तिथल्यापुरतं.

गोळीने काहीही ‘आत दाबलं’ जात नाही. सुटलेलं हिस्टामिन शरीर स्वतःच मोडून टाकतं. गोळी फक्त त्याची बसायची जागा अडवते, कदंबाच्या बसमध्ये रुमाल टाकतात तशी. दुसऱ्या दिवशी असर ओसरला आणि कारण तसंच असलं तर गांधी परत येणारच. त्याला उलटणं म्हणत नाहीत.

सोलांचं पाणी? गार लागतं, घटकाभर बरं वाटतं. सोलकढी जरूर प्या, जेवणाबरोबर.

बांगड्याचं प्रकरण मात्र नीट बघायला हवं. बांगडा, तारले, टूना यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा बर्फाविना उन्हात पडला की जिवाणू त्याचंच हिस्टामिन करतात, आणि ते तळून किंवा हुमण करून जात नाही. खाल्ल्यावर तासाभराच्या आत तोंड लालबुंद, डोकं ठणकतं, छाती धडधडते, अंगावर चट्टे. इथे मास्ट पेशींचा काही दोष नाही, हिस्टामिन ताटातूनच आलं. त्याच टोपातलं खाल्लेल्या इतरांनाही त्रास झाला असेल तर संशय माशाच्या ताजेपणावर घ्या. दर वेळी, ताज्या बांगड्यानेही, एकट्या तुम्हालाच होत असेल तर ॲलर्जीची तपासणी करा. त्याआधीच जन्मभर नुस्तं (मासे) सोडायची शिक्षा कशाला?

मेसेजात नसलेली गोष्ट: गांधींबरोबर जीभ सुजली, आवाज बसला, धाप लागली किंवा घेरी आली, तर सेट्रिझिनही पुरत नाही. मांडीत ॲड्रिनलीनचं इंजेक्शन लागतं, तेही लगेच. १०८ ला फोन करा, आणि माणसाला चालवत नेऊ नका.