मेन्यू नंतर ठरवा, आधी संडासाचं आणि पाण्याचं बघा

डिसेंबर लागला की आपल्या सोलापुरात घराघरातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच विषय सुरू होतो. कुणाच्या तरी शेतात ज्वारी हुरड्यावर आलेली असते, कुणाला उजनी धरणाच्या काठावर तंबू टाकून राहायचं असतं, आणि पंधरा जणांचा बेत बघता बघता चाळीसवर जातो. भावकी, माहेरची माणसं, शेजारचं तेलुगू कुटुंब, ऑफिसातले दोघं-तिघं बायकापोरांसह. मला हे मनापासून आवडतं. एरवी लग्नात आणि दहाव्यालाच भेटणारी माणसं एका आगटीभोवती बसतात, यापरतं सुख नाही.

पण त्या ग्रुपवर पहिल्या दिवशी काय ठरतं? मटण की चिकन, साउंड आणायचा का, टी-शर्ट कुठल्या रंगाचे. चाळीस माणसं सकाळी उठून कुठं जाणार, हे कुणी विचारत नाही. विचारलं तर "होईल की काहीतरी, शेतच आहे" असं उत्तर येतं. हे उत्तर देणारा नेहमी पुरुष असतो.

एका कॅम्पला आम्ही पैसे भरून गेलो होतो. संडासाची सोय आहे असं आधी सांगितलं होतं. गेल्यावर पाहिलं तर दोनच, त्यातल्या एकाला कडी नाही आणि पाण्याची बादली लांब हौदावरून भरून आणायची. माझ्या काकूंनी दुपारनंतर पाणी पिणंच बंद केलं. चहा पुढे केला तर म्हणाल्या, "नको गं, पित्त होतं." घरी याच काकूंना तासातासाला घोटभर चहा लागतो. रात्री जेवणात ताक होतं, तेही त्यांनी सुनेच्या ताटाकडे सरकवलं. मध्यरात्री हळूच माझ्या पायाला हात लावून उठवलं. टॉर्च घेऊन आम्ही दोघी बांधाबांधाने लांब गेलो. पायाखाली ढेकळं आणि त्यांचे गुडघे दुखणारे. येताना म्हणाल्या, "कुणाला सांगू नको हं." हे लिहायची परवानगी मी त्यांच्याकडून घेतली आहे, कारण अशा काकू प्रत्येक ग्रुपमध्ये असतात आणि त्या कधीच बोलत नाहीत.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की मोठ्या ग्रुपच्या कॅम्पचं नियोजन संडासापासून आणि पाण्यापासून सुरू व्हायला हवं. जागा, तारीख, मेन्यू सगळं त्यानंतर. आपत्तीतल्या छावण्यांसाठी जगभर जे निकष वापरतात, त्यात वीस माणसांमागे एक संडास आणि माणशी रोज किमान १५ लिटर पाणी धरतात. घर गमावलेल्या माणसांना जे किमान मिळायला हवं, ते हौसेने बाहेर पडलेल्या आपल्या माणसांना नको का? चाळीस जणांना बायकांसाठी दोन आणि पुरुषांसाठी एक, एवढं तरी हवंच. फिरतं शौचालय भाड्याने मिळत असेल तर उत्तम. नाहीतर चर खणायचा, चारी बाजूंनी ताडपत्रीचा आडोसा करायचा, शेजारी मातीचा ढीग आणि फावडं ठेवायचं. विहिरीपासून, ओढ्यापासून किमान ३० मीटर लांब. आत कंदील, बाहेर बादली, साबण आणि पॅडसाठी झाकणाचा डबा. वाटेवर चुन्याची फक्की मारली की अंधारातही रस्ता चुकत नाही.

पाण्याचा हिशोब सोपा आहे. चाळीस माणसं म्हणजे दिवसाला ६०० लिटर. त्यातलं पिण्याचं आणि स्वयंपाकाचं वेगळं, वीस लिटरचे दहा जार. शेतात विहीर आहे म्हणून निर्धास्त राहू नका, मालकाला विचारा की या आठवड्यात शेतीपंपाची लाईट दिवसा आहे की रात्री. बऱ्याच ठिकाणी ती पाळीने येते. लाईट रात्रीची असेल तर तुम्ही सकाळी अकराला पोचल्यावर मोटर चालणार नाही, त्यामुळे आदल्या रात्रीच टाकी भरून ठेवायला सांगावं लागतं. आणि उजनीचं पाणी दिसायला निळंशार असलं तरी पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी नद्यांतून त्याच धरणात येतं. ते थेट पिऊ नका, लहान मुलांना चूळही भरू देऊ नका.

एवढ्या माणसांची राहण्याची सोय कशी लावायची हे शिकायला आपल्याला लांब जायला नको. माउलींची पालखी धर्मपुरीला आपल्या जिल्ह्यात येते, मग नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव करत वाखरीला पोचते. एखाद्या दिंडीचा मुक्काम जवळून बघा. माणसं चालत असतात तेव्हा सामानाचा ट्रक पुढे गेलेला असतो. दिंडी पोचायच्या आत राहुट्या उभ्या आणि चुली पेटलेल्या. वारीला निघायच्या आधीच भिशी, म्हणजे जेवणखाणाची वर्गणी, भरलेली असते, त्यामुळे किती पानं वाढायची हे पक्कं माहीत असतं. पाण्याचं कोण बघणार, भांडी कोण, तंबू कोण, हे ठरलेलं.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती मुक्कामावरची समाजआरती. हजारो माणसं टाळ वाजवत असतात. चोपदार हातातला दंड, म्हणजे चोप, उंचावतो आणि सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीला काही तक्रार आहे तिचेच टाळ वाजत राहतात, मग चोपदार तिथे जाऊन गाऱ्हाणं ऐकतो. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूही तिथेच पुकारल्या जातात. एवढ्या अफाट गर्दीत गप्प बसणाऱ्याला बोलायची जागा कुणीतरी करून ठेवली आहे! आपल्या चाळीस जणांत ती का नसावी? संध्याकाळी जेवणाआधी सगळ्यांना गोल बसवा आणि विचारा, कुणाला थंडी वाजतेय, कुणाच्या गोळ्या राहिल्या, कुणाला तंबूत झोपवत नाही. बायकांना बाईनेच विचारावं. पुरुषासमोर काकू पित्ताचंच कारण सांगणार.

आता स्वयंपाक. इथे मला राग येतो आणि तो मी लपवत नाही. चाळीस माणसांना माणशी तीन म्हटलं तरी १२० भाकऱ्या होतात. त्या कोण थापतं? पुरुष आगटीभोवती हुरडा चोळत, शेंगाचटणी आणि गूळ तोंडात टाकत गप्पा मारणार आणि बायका धुरात डोळे पुसत तव्यापुढे बसणार. मग बायकांसाठी तो कॅम्प कसला? तेच घरचं काम, फक्त ओटा नाही आणि नळ नाही. आपल्याकडे कडक भाकरी असताना हे करायची गरजच काय? पापडासारखी कुरकुरीत, कितीतरी दिवस टिकणारी, कालवणात चुरली की पोटभरीची. बचत गटाला आठवडाभर आधी सांगितलं की शेंगाचटणीसकट बांधून मिळते. राहतं ते एक पातेलं आमटी आणि भात, ते पुरुषांनी करावं. मटणाचा रस्सा उत्तम जमतो म्हणून वर्षभर सांगणाऱ्यांनी तो त्या दिवशी करून दाखवावा आणि पातेलंही घासावं. उपासवाले आणि शाकाहारी किती हे आधी विचारा, त्यांची चूल आणि पळी वेगळी ठेवा.

थंडीला आपण सोलापूरकर किरकोळीत काढतो, कारण उन्हाळ्यात ४२-४३ अंश सोसलेले असतात. पण जानेवारीत पाण्याच्या काठावर पहाटे हुडहुडी भरते. थंडी वरून जेवढी लागते तेवढीच खालून लागते. खाली ताडपत्री, त्यावर सतरंजी, त्यावर एक सोलापुरी चादर आणि अंगावर दुसरी. चादर सुती आहे, दव पडलं की ओली होते, तेव्हा उघड्यावर वाळत टाकल्यासारखी ठेवू नका. शेगडी तंबूत नेऊ नका, बंद तंबूत तिच्या विषारी वायूने जीव जातो. आगटी कडब्याच्या गंजीपासून लांब करा आणि तंबूही तिथे नको. गंजीत उंदीर असतात, उंदरांमागे साप. चावलाच तर करकचून बांधणं, मंत्र-तंत्र काही नाही. माणसाला हलू न देता १०८ ला फोन करून थेट मोठ्या सरकारी दवाखान्यात. तिथे पोचायला किती वेळ लागतो हे निघायच्या आधीच बघून ठेवा.

उजनीत पोहण्याचा आणि बोटीचा हट्ट तर मी चालूच देत नाही. मे २०२४ मध्ये कुगावहून कळाशीला जाणारी बोट अचानक आलेल्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. लाईफ जॅकेट सगळ्यांना नसेल तर बोट नाही, भले कुणी रुसो. काठाचा गाळही फसवा असतो, वरून वाळलेला दिसतो आणि मुलांचा पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. मुलांसाठी पाण्यापासून लांब दोरी बांधा आणि तिथे दर तासाला एक मोठं माणूस पाळीने बसवा. "सगळे लक्ष ठेवतील" म्हणजे कुणीच ठेवत नाही.

पैशाचं एवढंच म्हणेन की "बघू, जमलं तर येतो" म्हणणाऱ्याला मोजू नका. निम्मी वर्गणी आली की नाव पक्कं. ज्याची ओढाताण आहे त्याची वर्गणी दोघा-तिघांनी गुपचूप भरावी, ग्रुपवर त्याची चर्चा नको.

आमच्या ग्रुपवर या वर्षीचा विषय कालच निघाला. पहिला मेसेज मटणाचा होता. मी खाली लिहिलं, "बायकांसाठी दोन, पुरुषांसाठी एक, चर कोण खणणार त्याने नाव टाका." तीन भाच्यांची नावं आली आहेत. फावडी आमच्याकडे दोनच आहेत, तिसरं कुणाकडे असेल तर कळवा.